ठरल्या वेळी

सकाळी ७.००
नागपूरच्या रामबागेतून एका आजींचा फोन. "पोट्टी शाळेत जात नाही म्हणते जी. रात्री जेवलीबी नाही." नात तिसरीत आहे. बाबा सुरतेला कामाला गेलेत, असं घरच्यांनी तिला सांगितलं होतं. काल वर्गातल्या एका मुलानं खरं काय ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

मी पोहोचते तेव्हा ती गणवेश घालून दाराआड बसलेली असते. आजींना विचारून तिला सरळ सांगते: बाबा अजनीजवळच्या मध्यवर्ती कारागृहात आहेत. कोर्टात केस सुरू आहे. निकाल कधी लागेल ते अजून कळलेलं नाही. तुझ्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. ती बराच वेळ गप्प राहते. मग विचारते, "तिथं पंखा आहे का?" नागपूरचा उन्हाळा नुकताच सरलाय, त्यामुळे लेकीला बापाची पहिली काळजी हीच. "आहे," मी म्हणते. ती दप्तर उचलते.

पालक तुरुंगात असलेल्या मुलांसोबत मी काम करते. खोटं सांगणाऱ्या घरांचा मला राग येत नाही. पण ते खोटं फुटतं तेव्हा मुलाचा घरातल्या उरलेल्या माणसांवरचाही विश्वास उडतो. तो परत मिळवायला फार दिवस लागतात.

सकाळी १०.००
शाळेत. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे दाखल्यांची गर्दी अजून आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असं काही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई केली आहे. जे छापायचं नाही ते वर्गातही चघळलं जाऊ नये, एवढीच विनंती मुख्याध्यापिकांना करते. त्या बोनाफाईड देतात आणि मुलीची जागा पहिल्या बाकावर करतात.

दुपारी १२.००
बालसंगोपनाचे अर्ज. पालक तुरुंगात असलेल्या मुलांनाही या सरकारी योजनेतून मदत मिळते. २०२३ मध्ये ती महिना १,१०० रुपयांवरून २,२५० रुपयांवर गेली. धुणीभांडी करून नातवंडं सांभाळणाऱ्या बाईसाठी ही रक्कम मोठी आहे. पण तिथवर पोहोचायला आधार, पासबुक, शाळेचा दाखला, पालक आत असल्याचा कागद, गृहचौकशी आणि शेवटी बाल कल्याण समितीचा आदेश, एवढं सगळं लागतं. बहुतेक आज्यांना यातला पहिला कागद कुठं मिळतो हेच माहीत नसतं. म्हणून सोबत जावं लागतं.

दुपारी २.३०
वर्धा रोडवरचं कारागृह. आयटीआयला जाऊ पाहणाऱ्या एका मुलाच्या कागदावर बापाची सही हवी आहे. अर्ज आत जाईल, सही होईल, अधिकाऱ्यांच्या शिक्क्यासह बाहेर येईल. मी पोच घेऊन थांबते.

मुलाखतीला आलेल्या बायका लेकरांना कडेवर घेऊन रांगेत आहेत. मुलाखत खिडकीतून होते, त्यामुळे मुलाला बापाच्या मांडीवर बसता येत नाही. 'गळाभेट' उपक्रमात मात्र १६ वर्षांखालच्या मुलांना आई-बापाला कडकडून भेटता येतं. सॅन फ्रान्सिस्कोत २००३ मध्ये पालक तुरुंगात असलेल्या मुलांच्या आठ हक्कांची सनद तयार झाली. पालकाला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा आणि त्याला स्पर्श करण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. नागपुरात गळाभेटीहून परतलेली मुलं पाहिली, की तो हक्क सनदेत का घातला ते समजतं.

महिला विभागात आईसोबत राहणारी बाळंही असतात. २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्यांना सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहता येतं. त्यानंतर मूल नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जातं. त्या वळणावर ओळखीचं एखादं माणूस उभं असावं, यासाठी आमची धडपड.

संध्याकाळी ५.००
वस्तीतल्या समाजमंदिरात बुधवारचा वर्ग. निवृत्त लाईनमन काका मुलांकडून टेस्ट लॅम्प जोडून घेतायत. "आधी मेन बंद. मग हात." अर्थिंगची तार कोणती, ती सैल राहिली तर काय होतं, हे ते पुन्हा पुन्हा विचारतात. सहीवाला मुलगा आता लहानांना स्विचबोर्ड उघडून दाखवतो. त्याला वीजतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स करायचाय. पहिला विकल्प कोणता भरायचा, हे त्यानं काकांशी बोलून ठरवलंय.

आज धो-धो पाऊस आहे. तरी काका पाचच्या ठोक्याला हजर. या मुलांच्या घरात प्रत्येक तारीख पुढं ढकलली जाते: पेशीची, जामिनाची, संचित रजेची. मोठ्यांचा शब्द हवेत विरतो, हे ती लहानपणीच शिकतात. म्हणून कौशल्य शिकवण्याआधी वेळ पाळून दाखवावी लागते. मूल पुढच्या आठवड्यावर भरवसा ठेवू लागलं, की दोन वर्षांच्या कोर्सचा विचारही करू लागतं.

रात्री ९.००
नोंदी लिहिते: कोणाची गृहचौकशी बाकी, कोणाचं पासबुक अडलंय. कपडे आणि मिठाई वाटायला दिवाळीत पुष्कळ लोक येतात. आम्हाला वर्षभर दर बुधवारी पाच ते सात येणारी माणसं हवी आहेत: गणित शिकवणारी, शिवणयंत्र दुरुस्त करणारी, बँकेचा फॉर्म भरून घेणारी.

पुढच्या बुधवारी मी मुंबईला असेन. माझ्या जागी कोण येणार, हे मुलांना आजच सांगितलंय आणि त्या ताईंची ओळखही करून दिलीय. वर्ग पाचलाच सुरू होईल.