द्राक्षाची दुसरी वाट : नाशिकच्या वाइनरीत एक फेरी

नाशिक म्हटलं की पंचवटी आठवते, गोदावरीचा घाट आठवतो आणि माघ-फाल्गुनात बाजारात उतरणारी हिरवी द्राक्षं आठवतात. पण गेल्या पंचवीस वर्षांत या द्राक्षानं आणखी एक वाट धरली आहे. गंगापूर धरणाच्या काठानं, दिंडोरीकडे कादवेच्या खोऱ्यात, तिकडे इगतपुरी तालुक्यात कावनईच्या बाजूला वाइनऱ्या उभ्या राहिल्या आहेत. शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याची माणसं मोटारी घेऊन येतात, हिंडतात, चाखतात. शेजारच्या गावातला माणूस मात्र फाटकाबाहेरूनच पुढे जातो. ‘तिथं दारू मिळते, आपलं काय काम?’ असं त्याला वाटतं. मंडळी, हे बोलणं त्याच्यासाठीच आहे. एक थेंबही न घेता तिथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे. आणि ज्याच्या शेतात द्राक्ष आहे किंवा लावायचा विचार आहे, त्यानं तर ते पाहायलाच हवं.

जायचं तर जानेवारी ते मार्च या दिवसांत जा. फ्रान्समध्ये द्राक्षाची तोड भादव्याच्या सुमाराला होते, आपल्याकडे ऐन हिवाळ्यात. कारण सोपं आहे. थंड देशात बर्फाच्या दिवसांत वेल आपोआप झोपी जातो. आपल्या हवेत तो झोपतच नाही, म्हणून माणसालाच त्याचं वर्ष आखून द्यावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी करायची, म्हणजे नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढचा घड तयार होतो. पावसाळाभर पाला जपायचा. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करायची, म्हणजे तो घड बाहेर येतो आणि पाऊस टळल्यावर, कोरड्या थंडीत पिकतो. नाशिकचा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. दिवसा ऊन, रात्री गारवा. या गारव्यामुळे फळातला आंबटपणा टिकतो, आणि आंबटपणा नसेल तर वाइन मिळमिळीत होते.

बागायतदाराला तिथली बाग पाहून प्रथम हसू येईल. मणी बारीक, जाड सालीचे, आत बिया, घडही लहान. ‘ही कसली द्राक्षं!’ असं तो म्हणेल. खाण्याच्या द्राक्षाला आपण जीएमध्ये बुडवून फुगवतो, विरळणी करतो, एकरी दहा टनांच्या आसपास माल काढतो. इथे उलट चालतं. एकरी चार-सहा टनांवर समाधान मानायचं, मणी फुगू द्यायचा नाही, कारण रंग आणि वास सालीत असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. गोडी मात्र भरपूर हवी. शंभर भाग रसात बावीस-चोवीस भाग साखर झाली की तोड करतात, तीही बहुधा पहाटेच्या गारव्यात.

शिक्षकांसाठी एक गंमत सांगतो. काळं द्राक्ष वर्गात आणा आणि मुलांना विचारा, याचा रस कोणत्या रंगाचा? सगळी ‘लाल’ म्हणतील. साल सोलून गर पिळा. बहुतेक जातींत रस फिका, जवळजवळ पांढराच निघतो. रंग सालीत. म्हणून पांढऱ्या वाइनीसाठी द्राक्षं आधी दाबून रस वेगळा काढतात आणि तोच आंबवतात. तांबड्या वाइनीसाठी रस सालीसकट टाकीत ठेवतात, म्हणजे रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात.

आंबवण्याचं काम यीस्टचं, म्हणजे किण्वाचं. इडलीचं पीठ फुगतं त्याच्या जवळचाच हा प्रकार. हे जिवंत सूक्ष्म जीवांचं काम आहे, हे १८५० आणि १८६० च्या दशकांत लुई पाश्चरनं फ्रान्समध्ये दाखवून दिलं. किण्व साखर खातं. तिचा साधारण अर्धा भाग मद्यार्क होतो, अर्धा कार्बन डायॉक्साइड वायू होऊन उडून जातो. बावीस भाग साखरेच्या रसापासून बारा-तेरा टक्के मद्यार्काची वाइन होते, ती या हिशेबानं. हा वायू हवेपेक्षा जड. जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपले लोक कंदील सोडून पाहत, तो विझला तर उतरत नसत. वाइनरीच्या टाकीतही तोच धोका आहे. आतली हवा तपासल्याशिवाय माणूस टाकीत उतरवू नये, आणि फेरी मारताना हे कोण आणि कसं तपासतं ते जरूर विचारा. उत्तर देताना दाखवणारा गडबडला, तर त्या कारखान्याबद्दल तुम्हाला बरंच कळलं असं समजा.

आता चाखण्याची खोली. मेजावर दांडीचे पेले मांडलेले असतात. दांडीला धरायचं, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. पेल्यात दोन-तीन चमचेच ओततात. आधी रंग पाहायचा, मग पेला गोल फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात खेळवायचा. आणि शेजारी चक्क पिकदाणी असते! ज्यांचा हा धंदा आहे ते दिवसाकाठी पुष्कळ नमुने चाखतात आणि सगळे थुंकून टाकतात. तुम्हीही थुंकलात तर कोणी अडाणी म्हणणार नाही, उलट जाणकार म्हणतील.

‘याला मिरचीचा वास, त्याला मिऱ्याचा वास’ असं तिथला माणूस सांगू लागला की ऐकणाऱ्याला थापा वाटतात. त्या थापा नव्हेत. सोव्हिन्यों ब्लां नावाच्या पांढऱ्या द्राक्षात ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण मिरचीतलं वासाचं द्रव्य त्यातही असतं. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनीला मिऱ्याचा झणका येतो. त्याचं कारण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये छापलं. रोटंडोन नावाचं ते द्रव्य काळ्या मिऱ्यातही आहे. न पिता, नुसत्या वासावर हा खेळ खेळता येतो, आणि बायामाणसांचं नाक यात पुरुषांपेक्षा तिखट ठरल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

मात्र वाइन म्हणजे फळाचा रस, तिनं काही होत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बारा टक्के मद्यार्क हा मद्यार्कच. याचं निर्धोक असं प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. पाच नमुने गिळले की एक पेला पोटात गेलाच. मग गाडी दुसऱ्यानं हाकावी. एकवीस वर्षांखालच्यांना वाइन देणं आपल्या राज्यात कायद्याविरुद्ध आहे. ज्या गावच्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं, त्यांना या विषयाचा राग आला तर तो समजण्यासारखाच आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा केवढा गदारोळ उठला ते तुम्हाला आठवत असेल.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं खरी गोष्ट पुढेच आहे. राज्यानं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. नाशिक परिसरात एकामागून एक वाइनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांनी वेली लावल्या. मग २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, प्रवासी आटले, हॉटेलांतला खप घसरला. टाक्या भरलेल्या, नवा माल घ्यायला जागा नाही. काही कारखाने बंद पडले आणि घड वेलीवर राहिले. खाण्याचं द्राक्ष एका व्यापाऱ्यानं नाकारलं तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा करता येतो. हे बारीक, बियांचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? त्याला गिऱ्हाईक एकच. आणि वेल काही ज्वारी नव्हे, की यंदा काढून पुढच्या साली दुसरं पेरलं.

म्हणून बाग लावण्याआधी चाखण्याच्या खोलीत रेंगाळू नका, हिशेबाच्या खोलीत बसा. करार किती वर्षांचा? भाव किलोवर की गोडीवर? गोडी कोण मोजणार, आणि मोजताना शेतकरी हजर राहणार की नाही? तोडीची तारीख कारखान्यानं पुढे ढकलली आणि मध्येच अवकाळी आला, तर नुकसान कोणाचं? पैसे किती दिवसांत? हे सारं कागदावर घ्या. जातीबद्दल आणि खुंटाबद्दल शंका असेल तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा.

फेरीसाठी आधी फोन करून, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शनिवार-रविवारी गर्दीत दाखवणाऱ्याला तुमच्या प्रश्नांना वेळ नसतो. आणि जमलं तर एप्रिलात पुन्हा एकदा जा, खरड छाटणी चालू असताना. तेव्हा पाहुणे फारसे नसतात आणि छाटणारा माणूस मोकळेपणी बोलतो.