खिडकीतला लंबक आणि बोलके यंत्र

प्रयोगवहीतील मोजमाप खरे की बनावट, हे कसे ओळखाल? पुस्तकाशी जुळते ते खरे, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच मानत होतो.

भाईंदर पूर्वेला वसईच्या खाडीकाठी जेसल पार्क आहे. तेथे राहणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी लंबकाचा प्रयोग घरी करायला सांगितला. एकीने खिडकीच्या गजाला दोरा बांधून खाली कुलूप लटकवले आणि पाच लांबींसाठी वीस-वीस आंदोलने मोजली. गुरुत्वीय त्वरणाची तिची उत्तरे ९.६ पासून ९.९ पर्यंत विखुरलेली. दुसऱ्याची पाचही उत्तरे नेमकी ९.८१! त्याला मी दहापैकी नऊ गुण दिले, तिला सहा.

तोंडी परीक्षेत विचारले, "लांबी कोठपर्यंत मोजलीस?" तो गप्प. ती म्हणाली, "सर, कुलपाच्या मध्यापर्यंत, पण मध्य नक्की सापडेना."

आता हिशेब पाहा. एक मीटरच्या लंबकाची २० आंदोलने सुमारे ४० सेकंदांत होतात. घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात काळाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात एक टक्का, म्हणजे जवळजवळ ०.१. मग पाचही वेळा ९.८१ कसे येईल? शिवाय मुंबई परिसरातील मूल्य ९.७९ च्या आसपास आहे, ९.८१ हा पुस्तकातला आकडा!

तो तक्ता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका कार्यक्रमाने लिहिला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले आणि असे कार्यक्रम घरोघरी पोहोचले. अफाट मजकूर वाचून 'या शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय' हे ते शिकलेले असतात. त्यांनी दोरा बांधलेला नसतो की घड्याळ दाबलेले नसते.

यंत्राचे लेखन हमखास ओळखणारी चाचणी नाही. म्हणून आम्हा शिक्षकांनाच बदलावे लागते. मी त्या मुलीचे गुण वाढवले, मुलाकडून प्रयोग पुन्हा करून घेतला. आता माझे निम्मे गुण तोंडी प्रश्नांना असतात. वर्गात यंत्राकडूनच तक्ता मागवतो आणि मुले त्यातील खोट शोधतात. सरावाचे प्रश्न मीही त्याच्याकडून घेतो, पण प्रत्येक स्वतः सोडवल्याशिवाय फळ्यावर लिहीत नाही.

आज घरी एक कुलूप टांगून पाहा. उत्तर थोडे चुकले तर खोडू नका. ते का चुकले, तेवढे मात्र शेजारी लिहा.