ऑस्ट्रेलियांतील सरकारी ब्रॉडबँड : भांडवलाचें व्याज सुटतें काय ?

कालव्याचें काम सरकारनें काढावयाचें म्हटलें म्हणजे पूर्वी त्याची जात ठरवीत असत. ज्याच्या पाणीपट्टींतून भांडवलाचें व्याज सुटेल तें उत्पादक काम. ज्यांतून तें सुटणार नाहीं, पण दुष्काळांत माणसें व गुरें वांचतील, तें संरक्षक काम. आमच्याकडील नीरा कालवा हा दुसऱ्या जातींतला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें २००९ सालीं ब्रॉडबँडचें जें राष्ट्रीय जाळें हातीं घेतलें, त्याविषयींच्या बहुतेक शंकांचें मूळ हा भेद आरंभींच न करण्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

ता. ७ एप्रिल २००९ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड यांनीं जाहीर केलें कीं, आठ वर्षांत शेंकडा ९० घरांपर्यंत काचतंतूची तार न्यावयाची, व उरलेल्या दूरच्या वस्तीस बिनतारी यंत्रें आणि उपग्रह यांच्या द्वारें सेवा द्यावयाची. खर्चाचा आंकडा ४,३०० कोटी डॉलरपर्यंत सांगितला होता. मात्र देशास यांतून लाभ किती व खर्च किती, याचा समग्र ताळेबंद त्यापूर्वी प्रसिद्ध झालेला नव्हता. विरोधी पक्षानें तो मागितला. सरकारनें तें मानलें नाहीं. पुढें डिसेंबर २०१० मध्यें या कामासाठीं काढलेल्या एनबीएन कंपनीनें आपला आराखडा छापला. त्यांत भांडवली खर्च ३,५९० कोटी डॉलर, सरकारचें भागभांडवल २,७५० कोटी, आणि परतावा दरसाल सुमारें ७ टक्के असे आंकडे होते.

हे सात टक्के म्हणजे नुसती आशा नव्हती. परतावा येणार असें धरल्यामुळेंच ही रक्कम अंदाजपत्रकांत खर्च म्हणून न लागतां गुंतवणूक म्हणून लागली, व त्या सालच्या तुटींत ती दिसली नाहीं. पण कागदावर परतावा लिहिला कीं तो कोणाकडून तरी वसूल करावा लागतो. ही कंपनी घरवाल्यास थेट सेवा विकीत नाहीं. किरकोळ विक्री करणाऱ्या कंपन्यांस ती ठोक दरानें देते. हा दर दुहेरी ठेविला. एक, दर घराच्या जोडणीचा. दुसरा, त्या सर्व घरांकडे मिळून जो प्रवाह सोडावयाचा त्याच्या मापाचा. हा प्रवाहदर आरंभीं सेकंदास एक मेगाबिटामागें महिना २० डॉलर होता.

याचा परिणाम काय होतो हें पाटाच्या पाण्यावर ऊंस करणाऱ्यास निराळें सांगावयास नको. चारी रुंद खणली, पण पाण्याचा दर जबर ठेविला, तर बागाईतदार पाणी कमीच मागतो. तसेंच येथें झालें. किरकोळ कंपन्यांनीं प्रवाह बेताबातानें विकत घेतला. तार उत्तम असूनहि सायंकाळीं सर्व घरें एकदम जाळ्यावर आलीं कीं वेग मंदावूं लागला. अखेर २०२३ सालीं तेथील नियामकानें नवी दरव्यवस्था मान्य केली, व तींत हा प्रवाहदर टप्प्याटप्प्यानें काढून टाकण्याचें ठरलें. परताव्याची अपेक्षाहि मध्यंतरीं तीन टक्क्यांच्या आसपास उतरली होती.

मधल्या काळांत राज्यकर्ते बदलले. २०१३ च्या अखेरच्या फेरतपासणींत असें निघालें कीं जुन्या पद्धतीनें काम नेल्यास ७,३०० कोटी डॉलर लागतील, व मिश्र पद्धतीनें ४,१०० कोटींत भागेल. मिश्र पद्धत म्हणजे पुष्कळ ठिकाणीं काचतंतू गल्लीच्या पेटीपर्यंत आणावयाचा व तेथून घरापर्यंत टेलिफोनची जुनी तांब्याची तारच चालवावयाची. डिसेंबर २०२० मध्यें काम पुरें झाल्याचें जाहीर झालें, तोंवर खर्च ५,१०० कोटींच्या घरांत गेला होता. आणि त्याच्या तीनच महिने आधीं तांब्याच्या जागीं पुन्हा काचतंतू नेण्यासाठीं नवी रक्कम जाहीर करावी लागली होती. पहिला अंदाज खोटा कीं दुसरा, यावर तेथें अजून वाद घालतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं आंकडा आधीं ठरविला व मोजणी मागाहून केली.

शेतकऱ्याची बाजू मात्र निराळी आहे, व ती टाकून बोलणें न्यायाचें होणार नाहीं. २०१० च्या निवडणुकीनंतर कोणासहि बहुमत नव्हतें. तेव्हां टोनी विंडसर या अपक्ष सभासदानें, जे स्वतः शेतकरी होते, मजूर पक्षास पाठिंबा देतांना ब्रॉडबँड हें एक मुख्य कारण सांगितलें. ठोक दर शहरांत व खेड्यांत एकच असावा, हें तत्त्व खेड्यांच्या फार उपयोगी पडलें. दूरच्या सेवेची तूट भरून काढण्यासाठीं जानेवारी २०२१ पासून वेगवान स्थिर जोडणीमागें पट्टी बसविली; आरंभीं ती महिना ७ डॉलर १० सेंट होती. विरळ वस्तींतील तार नफ्याच्या हिशेबांत कधींच बसावयाची नाहीं. मग ती संरक्षक काम म्हणून उघडपणें मांडण्यास संकोच कां असावा?

अति दूरच्या कुरणवाल्यांस २०१५ व २०१६ सालीं सोडलेल्या स्काय मस्टर या दोन उपग्रहांवरून सेवा मिळूं लागली. ते सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असल्यानें शब्द जाऊन परत येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. २०२१ पासून खालून फिरणाऱ्या उपग्रहांची स्टारलिंक ही खासगी सेवा तेथें मिळूं लागली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही गोष्ट २०१० च्या आराखड्यांत पुरेशी धरलेली नव्हती.

आपल्याकडील भारतनेट योजना ऑक्टोबर २०११ मध्यें दुसऱ्या नांवानें मंजूर झाली. सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार न्यावयाची असा तिचा संकल्प. तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील पट्टीच्या निधींतून येतो, म्हणजे ती मुख्यत्वें संरक्षक जातीची. सात टक्क्यांचें ओझें तिजवर नाहीं. तिची अडचण निराळी. तार पंचायतीच्या कचेरींत पोंचली, पण पुढें घरोघर कोण नेणार, वीज गेल्यास यंत्र कशावर चालणार, तुटल्यास सांधणार कोण, हें पहिल्या आराखड्यांत नीट बसविलें नव्हतें. ऑगस्ट २०२३ मध्यें मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारलेल्या योजनेंत दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम धरली आहे, हें त्या मानानें ठीक झालें.

आमच्या वाचकांनीं आपापल्या पंचायतींत ही जोडणी आठवड्यांतून किती दिवस चालू असते, व बंद पडल्यास किती दिवसांनीं सुरू होते, हें लिहून कळवावें. गांव व तालुका यांच्या नांवांसह तो तक्ता आम्ही पुढील अंकांत छापूं.