गिरगांव की गिरगाव?

पुस्तक कपाटात असूनही संगणक ‘नाही’ म्हणतो, असे का होते? आपल्या ग्रंथालयाची यादी संगणकावर चढविण्याच्या कामात असताना मला या प्रश्नाचा थोडा विचार करावा लागला. तो येथे मांडतो.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या कल्पनेनुसार अशी माहिती ओळी व रकाने असलेल्या तक्त्यांत ठेवतात. अक्षरे मात्र संगणकाला क्रमांकांनीच कळतात. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, लहान ‘ए’चा ९७. साहजिकच सगळ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘परेल’ आणि केवळ पहिले अक्षर मोठे असलेले ‘परेल’ ही त्याच्या लेखी दोन नावे ठरू शकतात.

यावर उपाय सोपा आहे. शोधायचा शब्द आणि रकान्यातील शब्द, दोन्ही लहान अक्षरांत आणून ताडून पाहावेत. पण मूळ नावांची सूची मग उपयोगी पडत नाही. संगणक एकेक ओळ तपासत बसतो. म्हणून सूचीही लहान केलेल्या रूपांचीच करावी लागते. काही ठिकाणी मोठे-लहान अक्षर एकच मानावे, असा तुलनेचा नियमच ठरवून देता येतो.

आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून आपण सुटलो काय? मुळीच नाही! साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘गिरगांव’चे ‘गिरगाव’ झाले, ‘कवि’चा ‘कवी’ झाला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ साली स्थापन झालेल्या संस्थेत तर दोन्ही वळणांची पुस्तके असणारच.

मग सगळेच अनुस्वार पुसावेत? तसे केल्यास ‘वंश’ आणि ‘वश’ एक होतील. ‘मन्दिर’ व ‘मंदिर’ एक मानणे योग्य. परंतु तोच नियम आंधळेपणाने लावला, तर ‘देहान्त’ (मृत्यू) आणि ‘देहांत’ (शरीरांमध्ये) यांतील भेद जाईल. इंग्रजीत जे यांत्रिकपणे साधते, तेथे मराठीत व्याकरण जाणणारा माणूस लागतो. भाषेच्या विद्यार्थ्यांना हे काम परके वाटू नये.

माझ्या मते मूळ नाव मुखपृष्ठावर असेल तसेच ठेवावे. शेजारी शोधासाठी वेगळा रकाना करून त्यात ठरावीक रूप लिहावे. शोध या रकान्यात घ्यावा, वाचकाला मूळ नाव दाखवावे. एवढे केले नाही, तर १९६२ पूर्वीची पुष्कळ पुस्तके नव्या वाचकांना कपाटात असून नसल्यासारखीच होतील.