कुठल्या पंपाचं पेट्रोल चांगलं?

‘त्या कंपनीच्या पेट्रोलवर गाडी जास्त पळते’ हे आपण सर्रास ऐकतो. साध्या पेट्रोलबाबत त्यात फारसं तथ्य नाही. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही कंपन्यांना मानक एकच आहे, शिवाय जवळच्या रिफायनरीतला माल त्या एकमेकींकडूनही घेतात. एका शहरात दरातला फरक बहुधा काही पैशांचाच असतो.

एक्सपी१०० सारख्या महागड्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा मोठा असतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता. जास्त दाबाच्या इंजिनाला ती लागते, रोजच्या स्कूटरला नाही. मायलेजवर खरा परिणाम होतो तो पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा, कारण त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते.

म्हणून ब्रँडपेक्षा पंप पारखा. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा: नोझलमधला एक थेंब टाका, दोन मिनिटांत तो डाग न ठेवता उडाला पाहिजे. मापाची शंका असेल, तर पाच लिटरच्या प्रमाणित मापात मोजून मागा. तो तुमचा हक्क आहे.