मोटारीचा जन्मांक

मनुष्याचें नांव बदलतां येतें, राहण्याचें ठिकाण बदलतां येतें, पण अंगठ्याच्या रेषा बदलत नाहींत. मोटारगाडीचेंही तसेंच आहे. तिला नवा रंग देतां येतो. नंबराची पाटी तर दोन स्क्रू काढले कीं निराळी लावतां येते. परंतु कारखान्यांत तिच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक जन्मभर तिचाच राहतो. व्यवहारांत त्यास ‘चेसिस नंबर’ म्हणतात.

त्याचें महत्त्व मला ठेच लागल्यावर कळलें. माझ्या धाकट्या बंधूनें एका दलालामार्फत जुनी मोटार घेतली, तेव्हां मी त्याच्या सोबत होतों. आम्हीं इंजिनाचा आवाज ऐकला, टायर पाहिले, कागदही पाहिले. पण कागदावरील क्रमांक गाडीवरील क्रमांकाशीं ताडून पाहण्याचें मज पदवीधरासही सुचलें नाहीं! पुढें गाडी नांवावर करतेवेळीं शेवटचे दोन अंक जुळेनात. गाडी अडकून पडली, दलाल पुन्हां दिसला नाहीं, आणि भावाची सहा वर्षांची शिल्लक बुडाली. पांच मिनिटांच्या आळसाची ही किंमत होय.

आतां हा क्रमांक कसा वाचावा तें पाहूं. पूर्वीं प्रत्येक कारखाना आपल्या मनास येईल तसे अंक घालीत असे. पुढें आंतरराष्ट्रीय पद्धति ठरली, व अमेरिकेंत १९८१ सालच्या गाड्यांपासून १७ स्थानांचा क्रमांक आवश्यक झाला. भारतांतील आजच्या मोटारींवरही १७ च स्थानें असतात. त्यांत रोमन अक्षरें व अंक मिसळलेले असतात. परंतु आय, ओ आणि क्यू हीं तीन अक्षरें मुळींच येत नाहींत, कारण तीं एक व शून्य या अंकांसारखीं दिसून घोटाळा होतो. ज्या क्रमांकांत यांपैकीं एखादें अक्षर दिसेल, तेथें वाचण्यांत चूक आहे किंवा लबाडी आहे, असें समजावें.

पहिलीं तीन स्थानें निर्मात्याचीं. जपानच्या क्रमांकाचा आरंभ ‘जे’ नें, जर्मनीचा ‘डब्ल्यू’ नें होतो. आपल्याकडील मारुतीच्या गाड्यांवर ‘एमए३’, टाटांच्या गाड्यांवर ‘एमएटी’ अशी सुरुवात आढळते. चवथ्यापासून नवव्यापर्यंतचीं स्थानें गाडीचा प्रकार सांगतात. शेवटचीं आठ त्या एकट्या गाडीची ओळख पटवितात.

विद्यार्थ्यांनो, यांत गणिताची एक मौज आहे. अमेरिका व कॅनडा येथें नववें स्थान तपासणीच्या अंकाचें असतें. अक्षरांना ठराविक किंमती देऊन प्रत्येक स्थानास अनुक्रमें ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २ यांनीं गुणावें, बेरीज करावी व ११ नें भागावें. जी बाकी उरेल तीच नवव्या स्थानीं असली पाहिजे. बाकी १० आल्यास तेथें ‘एक्स’ लिहितात. सतरा एकड्यांचा क्रमांक घेऊन पाहा: बेरीज ८९, बाकी १, जुळलें! आतां पहिल्या एकड्याचा दोन करा. बेरीज ९७, बाकी ९. चोरी उघडकीस आली. मात्र ही सक्ती सर्व देशांत नाहीं, म्हणून एवढ्यावरून आपल्या शेजाऱ्याच्या गाडीस दोष देऊं नका.

पालकांनीं गाडी घेतांना पुढील गोष्टी कराव्या. सांगाड्यावरील क्रमांक उजेडांत स्वतः वाचावा. तो कोठें ठोकला आहे हें गाडीसोबतच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें. तो, निर्मात्याच्या पाटीवरील क्रमांक, नोंदणीपत्र आणि विमापत्र हे चारही एकेक अक्षर म्हणून ताडावे. इंजिनाचा क्रमांकही नोंदणीपत्राशीं मिळवावा. अक्षरें वेडीवांकडीं असणें, भोंवतीं कानस फिरल्याच्या खुणा, तेवढ्याच जागीं नवा रंग किंवा डाग दिल्याचें चिन्ह दिसणें, हीं शंकेचीं कारणें होत. नंतर सरकारच्या ‘वाहन’ नोंदींत गाडी पाहावी. तिच्यावर कर्ज असल्यास तें फिटल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना मागावा. पैसे देतेवेळीं २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या घ्याव्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, दोघेही एकाच राज्यांतले असल्यास, विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत व घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत हस्तांतर कळविलें पाहिजे.

विकणारा घाई करूं लागला, “साहेब, दुसरें गिऱ्हाईक उभें आहे” असें म्हणूं लागला, तर त्यास खुशाल जाऊं द्यावें. प्रामाणिक मनुष्यास तपासणीचा राग येत नाहीं. माझा भाऊ आतां दुसऱ्या गाडीसाठीं पैसे सांठवीत आहे. ती पाहावयास जातांना एक विजेरी व एक कागद बरोबर न्यावयाचा, असें आम्हीं दोघांनीं ठरविलें आहे.