नाणेफेक, दव आणि विजयाचे श्रेय : रायपूरच्या पराभवाशिवाय विशाखापट्टणमचा विजय का उलगडत नाही?

रायपूर, ८ डिसेंबर : विशाखापट्टणम येथे शनिवारी, ६ डिसेंबर रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेचा ९ गडी राखून पराभव केला आणि तीन एकदिवसीय सामन्यांची मालिका २-१ अशी जिंकली. या विजयाने देशभरातील चाहते सुखावले असले, तरी रायपूरमधील क्रिकेटप्रेमींची चर्चा एका प्रश्नापाशी अडली आहे. अवघ्या तीन दिवसांपूर्वी, ३ डिसेंबर रोजी, नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह आंतरराष्ट्रीय मैदानावर याच गोलंदाजांना ३५८ धावांचे रक्षण करता आले नव्हते. मग तीन दिवसांत नेमके काय बदलले? गोलंदाजांचे कौशल्य, कर्णधाराचे डावपेच, की नाणेफेकीचा कौल?

विजयानंतरच्या चर्चेत साधारणतः तीन मते पुढे येतात. पहिल्या मतानुसार रायपूरमधील पराभवाला गोलंदाज जबाबदार होते आणि विशाखापट्टणममध्ये त्यांनी चुका सुधारल्या. दुसरे मत फलंदाजांकडे बोट दाखवते. रायपूरमध्ये अखेरच्या षटकांत आणखी २०-२५ धावा व्हायला हव्या होत्या, असे सामन्यानंतर कर्णधार के. एल. राहुल यानेही सूचित केले होते. तिसरे मत सारा दोष दवाला देते. तिन्ही मतांत तथ्य आहे. परंतु कोणत्या मताला किती वजन द्यायचे, हे ठरविण्यासाठी दव म्हणजे काय आणि ते सामन्यात कोणत्या वेळी उतरते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

दवाने काय बिघडते?

दिवस-रात्र खेळल्या जाणाऱ्या एकदिवसीय सामन्याचा पहिला चेंडू दुपारी दीड वाजता पडतो. पहिला डाव संपून दुसरा सुरू होईपर्यंत सायंकाळचे साडेपाच-पावणेसहा होतात. डिसेंबरच्या आरंभी रायपूरमध्ये त्याच सुमारास सूर्य मावळतो. म्हणजेच पहिला डाव जवळपास संपूर्णपणे उन्हात आणि दुसरा संपूर्णपणे प्रकाशझोतात खेळला जातो.

निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री मैदानावरील गवत झपाट्याने उष्णता गमावते. गवताच्या पात्यांचे तापमान एका मर्यादेखाली गेले की हवेतील बाष्प त्यांवर पाण्याच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपाने साचते. फटका मारलेला चेंडू या ओल्या गवतावरून घरंगळत सीमारेषेपर्यंत जातो आणि दर वेळी थोडे पाणी सोबत घेऊन परततो.

ओल्या चेंडूचे परिणाम अनेक आहेत. फिरकी गोलंदाजाची बोटे घसरतात, त्यामुळे चेंडूला हवी तशी फिरकी देता येत नाही. वेगवान गोलंदाजाचा यॉर्कर हातातून निसटून फुलटॉस होतो. चेंडूचे चामडे पाणी शोषून नरम पडते, शिवण खेळपट्टीवर पकड घेत नाही आणि चेंडू सरळ घसरत बॅटवर येतो. दुपारी थांबून येणाऱ्या चेंडूवर जो फटका धोकादायक असतो, तोच रात्री सहज मारता येतो. क्षेत्ररक्षकांचे हातही ओले होतात. थोडक्यात, दवामुळे फलंदाज अधिक चांगला होत नाही. गोलंदाजाची आयुधे मात्र एकामागून एक बोथट होत जातात.

नाणेफेकीचे वजन किती?

फुटबॉलमध्ये मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. वारा, ऊन किंवा मैदानाचा उतार पूर्वार्धात एका संघाच्या बाजूने असला, तर उत्तरार्धात तो दुसऱ्याच्या वाट्याला येतो. दिवस-रात्रीच्या क्रिकेटमध्ये अशी वाटणी होत नाही. दव उतरते ते एकाच संघाच्या गोलंदाजीच्या वेळी. तो संघ कोणता, हे ठरविण्याचा अधिकार नाणेफेक जिंकणाऱ्या कर्णधाराला मिळतो.

भारताच्या वाट्याला आलेला नाणेफेकीचा कौल तर अपवादात्मक होता. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादमध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून रायपूरच्या सामन्यापर्यंत भारताने सलग २० एकदिवसीय सामन्यांत नाणेफेक गमावली. ठरावीक २० नाणेफेकी सलग गमावण्याची शक्यता १० लाख ४८ हजार ५७६ मध्ये एक इतकी अल्प असते. विशाखापट्टणममध्ये राहुलने नाणे डाव्या हाताने उडविले, कौल अखेर भारताच्या बाजूने लागला आणि त्याने तत्काळ क्षेत्ररक्षण स्वीकारले.

मात्र याच २० सामन्यांत एक ठळक प्रतिउदाहरणही दडलेले आहे. फेब्रुवारी-मार्च २०२५ मधील चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत भारताने पाचही सामन्यांत नाणेफेक गमावली आणि पाचही सामने जिंकले. ९ मार्च रोजी दुबईत न्यूझीलंडला ४ गडी राखून नमवून करंडकही पटकावला. दुबईतील खेळपट्ट्या दोन्ही डावांत संथ राहिल्या आणि भारताच्या फिरकी गोलंदाजांनी प्रथम व नंतर अशा दोन्ही वेळी प्रभाव पाडला.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. नाणेफेकीचे वजन दोन डावांमधील परिस्थितीत पडणाऱ्या फरकाइतकेच असते. फरक थोडा असेल तर नाणेफेक हा केवळ उपचार ठरतो. फरक मोठा असेल तर ती सामन्याचा काही भाग पहिल्या चेंडूआधीच ठरवून टाकते.

एकाच मालिकेतील तीन चित्रे

नुकत्याच संपलेल्या मालिकेतील तीन सामने शेजारी ठेवले, तर हा निष्कर्ष अधिक स्पष्ट होतो.

३० नोव्हेंबर रोजी रांचीत भारताने नाणेफेक गमावली, प्रथम फलंदाजी केली आणि विराट कोहलीच्या १३५ धावांच्या बळावर ८ बाद ३४९ धावा उभारल्या. दक्षिण आफ्रिकेचा डाव ३३२ धावांवर संपला आणि भारत १७ धावांनी विजयी झाला. या सामन्यात निर्णायक ठरला तो आरंभ. हर्षित राणा आणि अर्शदीप सिंग यांनी नव्या चेंडूवर पाहुण्यांची अवस्था ३ बाद ११ अशी केली होती. चेंडू कोरडा असतानाच तीन फलंदाज परतल्याने पुढे दवाची मदत मिळूनही दक्षिण आफ्रिकेला अंतर भरून काढता आले नाही.

रायपूरमध्ये भारताने त्याहून अधिक, म्हणजे ५ बाद ३५८ धावा केल्या. कोहलीने १०२ धावांची खेळी करून आपले ५३ वे एकदिवसीय शतक पूर्ण केले, तर पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने ८३ चेंडूंत १०५ धावा करीत पहिले एकदिवसीय शतक साजरे केले. दोघांनी तिसऱ्या गड्यासाठी १९५ धावा जोडल्या. तरीही दक्षिण आफ्रिकेने ४९.२ षटकांत ६ बाद ३६२ धावा करून सामना जिंकला. येथे रांचीसारखा आरंभ घडला नाही. क्विंटन डी कॉक लवकर बाद झाला; पण एडन मार्करम आणि टेम्बा बावुमा यांच्या शतकी भागीदारीने पाया रचला. मार्करमला अर्धशतकानंतर जीवदान मिळाले आणि त्याने ११० धावा केल्या. मॅथ्यू ब्रीट्झके व डेवाल्ड ब्रेव्हिस यांच्या अर्धशतकांनी उरलेले काम केले. भारताविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यांतील सर्वांत मोठ्या यशस्वी पाठलागाशी, म्हणजे २०१९ मध्ये मोहालीत ऑस्ट्रेलियाने केलेल्या ३५९ धावांच्या पाठलागाशी, या सामन्याची बरोबरी झाली.

विशाखापट्टणममध्ये भारताला प्रथमच दुपारच्या कोरड्या चेंडूने गोलंदाजी करता आली. डी कॉकच्या शतकानंतरही दक्षिण आफ्रिकेचा डाव ४७.५ षटकांत २७० धावांवर आटोपला. कुलदीप यादव आणि प्रसिद्ध कृष्णा यांनी प्रत्येकी चार गडी बाद केले. त्यानंतर यशस्वी जैस्वालच्या नाबाद ११६, रोहित शर्माच्या ७५ आणि कोहलीच्या नाबाद ६५ धावांनी भारताने ३९.५ षटकांतच लक्ष्य गाठले.

रायपूरमध्ये टीकेचे लक्ष्य ठरलेले गोलंदाज तीन दिवसांत बदलले नव्हते. बदलली होती ती त्यांच्या हातातील चेंडूची अवस्था. म्हणून शनिवारच्या विजयाचे संपूर्ण श्रेय ‘सुधारणे’ला देणे जितके अपुरे, तितकेच बुधवारच्या पराभवाचे संपूर्ण खापर गोलंदाजांवर फोडणे अन्यायाचे ठरते. त्याच वेळी, दवाने झेल सुटण्याची शक्यता वाढते एवढेच. प्रत्येक सुटलेला झेल दवाच्या नावे लिहिता येत नाही. रांचीतील विजय हेच दाखवितो की प्रतिकूल वाटणीतही नव्या चेंडूची पहिली दहा षटके संघाच्या हाती असतात.

मैदानाची जुनी साक्ष

रायपूरच्या मैदानाने याआधी भारताचे दोन विजय पाहिले आहेत आणि तेही हाच मुद्दा वेगळ्या रीतीने मांडतात. २१ जानेवारी २०२३ रोजी येथे झालेल्या पहिल्या एकदिवसीय सामन्यात रोहित शर्माने नाणेफेक जिंकली. निर्णय सांगताना तो क्षणभर विसरला आणि मग त्याने क्षेत्ररक्षण जाहीर केले, हा प्रसंग अनेकांना आठवत असेल. आदल्या सायंकाळच्या सरावात प्रकाशझोतात चेंडू हलत असल्याचे संघाला दिसले होते. त्यामुळे कठीण परिस्थितीत धावांचा पाठलाग करून स्वतःची परीक्षा पाहण्याचा त्याचा मानस होता. प्रत्यक्षात भारताच्या वेगवान गोलंदाजांच्या माऱ्यापुढे न्यूझीलंडचे पाच फलंदाज १५ धावांत परतले आणि त्यांचा डाव ३४.३ षटकांत १०८ धावांवर संपला. भारत ८ गडी राखून जिंकला, परंतु ज्या परीक्षेसाठी निर्णय घेतला होता ती झालीच नाही. मोठ्या विजयानेही काही प्रश्न अनुत्तरित राहतात, याचा हा नमुना.

दुसरा विजय १ डिसेंबर २०२३ रोजीच्या टी-२० सामन्यातील. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मॅथ्यू वेडने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण निवडले. भारताने ९ बाद १७४ धावा केल्या. त्यात रिंकू सिंगच्या ४६ आणि अमरावतीच्या जितेश शर्माच्या १९ चेंडूंतील ३५ धावा होत्या. प्रत्युत्तरात ऑस्ट्रेलियाला ७ बाद १५४ पर्यंतच मजल मारता आली. अक्षर पटेलने चार षटकांत १६ धावांत ३ आणि रवी बिश्नोईने चार षटकांत १७ धावांत १ गडी बाद केला. दोघांच्या आठ षटकांत मिळून केवळ ३३ धावा झाल्या. दोघेही हवेत उंच, संथ चेंडू टाकण्यापेक्षा वेगाने आणि यष्टींच्या रोखाने मारा करण्यावर भर देतात. दुसरे कारण वेळापत्रकात आहे. टी-२० सामना सायंकाळी सात वाजता सुरू होतो. दोन्ही डाव रात्रीच खेळले जात असल्याने परिस्थितीतील तफावत एकदिवसीय सामन्याइतकी मोठी राहत नाही.

उपाय कोणते?

संघांच्या पातळीवर ओल्या चेंडूने सराव करणे, प्रथम फलंदाजी करताना नेहमीपेक्षा अधिक धावांचे लक्ष्य ठेवणे आणि चेंडू कोरडा असेपर्यंत आक्रमक क्षेत्ररचना लावणे हे मार्ग आहेत. संयोजक गवतावर दवरोधक द्रावण फवारतात, खेळ थांबला असताना मैदानावरून दोर फिरवून थेंब झटकतात. चेंडूचा आकार बिघडल्यास पंचांकडे तो बदलण्याची मागणीही करता येते.

जुलै २०२५ पासून एकदिवसीय सामन्यांत नवा नियम लागू झाला आहे. पहिल्या ३४ षटकांत दोन्ही बाजूंनी दोन स्वतंत्र चेंडू वापरले जातात आणि त्यानंतर क्षेत्ररक्षण करणारा संघ त्यांपैकी एक निवडून उरलेली १६ षटके टाकतो. जुन्या चेंडूमुळे गोलंदाजांना रिव्हर्स स्विंगची संधी मिळावी, हा त्यामागील विचार. मात्र रिव्हर्स स्विंगसाठी चेंडूची एक बाजू कोरडी आणि खडबडीत राहणे गरजेचे असते. दव पडलेल्या रात्री नियमाचा हा लाभ दुपारी गोलंदाजी केलेल्या संघालाच मिळण्याची शक्यता अधिक.

मुळाशी जाणारा उपाय वेळेचा आहे. आर. अश्विनने २०२३ च्या विश्वचषकापूर्वीच सामने सकाळी साडेअकराला सुरू करण्याची सूचना केली होती. तसे केल्यास दुसऱ्या डावाचा मोठा भाग दव उतरण्यापूर्वी पूर्ण होऊ शकतो. परंतु प्रक्षेपणासाठी सायंकाळचा प्रेक्षक मोलाचा असतो आणि कामकाजाच्या दिवशी दुपारआधी मैदान भरणेही अवघड असते. परिणामी निकालाचा काही भाग नाण्यावर सोपविण्याची पद्धत तूर्त कायम आहे.

पुढील महिन्यात, २३ जानेवारी रोजी, भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील टी-२० सामना रायपूरमध्ये होणार आहे. निकाल काहीही लागो, त्यानंतरच्या चर्चेत धावफलकासोबत आणखी तीन गोष्टी तपासाव्या लागतील : नाणेफेक कोणी जिंकली, दोन डावांत चेंडूच्या वागण्यात किती फरक पडला आणि पहिल्या काही षटकांत कोणत्या संघाने किती गडी मिळविले. पहिली गोष्ट दैवाची, दुसरी निसर्गाची. खेळाडूंच्या नावावर जमा किंवा खर्च टाकता येतो तो प्रामुख्याने तिसऱ्याचा.